टाकीचं धुवण

माझ्या मामाला गावात सगळे माप्या म्हणायचे. तोंडावर म्हणायची हिंमत एकट्या माझ्या आईत, कारण ती त्याची मोठी बहीण. बाकीचे त्याची पाठ वळली की म्हणायचे आणि तो ऐकून न ऐकल्यासारखं करायचा. हे नाव त्याला मनातून आवडायचं, असा मला दाट संशय आहे.

मामाचा धंदा फवारणीचा. एक छोटा ट्रॅक्टर, त्याच्या मागे पांढरी टाकी आणि दोन्ही बाजूंना पसरणारे नळ्यांचे लांब हात. गव्हाचा हंगाम आला की मामाला जेवायला फुरसत नसायची. शेतमालकानं औषधाची बाटली आणून द्यायची आणि मामानं फवारून द्यायचं, असा सरळ व्यवहार. पण बाटली हातात आली की मामाचा सोहळा सुरू व्हायचा. मापाचं भांडं डोळ्यांच्या रेषेत धरायचं, औषध ओतायचं, रेघेला टेकलं की मालकाला जवळ बोलवून म्हणायचं, "बघून घ्या." मालक म्हणायचा, अहो असू द्या, तुमच्यावर विश्वास आहे. मामा म्हणायचा, विश्वास ठेवा, पण आधी बघा. मालकानं वाकून बघितल्याशिवाय औषध टाकीत जायचं नाही.

स्वभावानं तो एक नंबरचा किरकिऱ्या. वारा सुटला की ट्रॅक्टर बंद करून बांधावर बसायचा, मग मालक कितीही आदळआपट करो. नळ्यांच्या टोकाची नोझल साफ करायला त्याच्याकडे दात घासायचा जुना ब्रश होता आणि त्याला कुणी हात लावला तर दिवसभर बोलायचा नाही. माझं मामाशी पटायचं, कारण मीही काही कमी किरकिरी नाही. आईच्या मते आम्ही दोघं एकाच माळेचे मणी आणि ती माळ तिच्या गळ्यात पडली आहे.

आमचं शेत म्हणजे ओढ्याला लागून असलेली जमिनीची एक पट्टी. वडील लांबच्या कारखान्यात कामाला, महिन्या-दोन महिन्यांतून घरी येणार, दोन दिवस झोपणार आणि परत जाणार. मी धान्याच्या गोदामात, आलेल्या मालाचा ओलावा तपासायच्या यंत्रावर. त्यामुळे शेत खऱ्या अर्थानं आईचं. त्या पट्टीतला गहू आम्हाला वर्षभर पुरायचा आणि वर थोडा विकायलाही निघायचा. आईला त्याचा भारी अभिमान. बाजारचा गहू ती चिमटीत धरून असा बघायची, जणू कुणी तिला खोटं नाणं दिलं आहे.

त्या पट्टीला औषध मात्र आईनं कधी विकत आणलं नाही. आणायची गरजच पडली नाही. दिवसाची फवारणी संपली की मामा टाकी धुवायला ओढ्याकाठी यायचा, कारण पाणी तिथंच. धुवलेलं पाणी ओढ्यात सोडणं त्याला पाप वाटायचं. मासे मरतात, गुरं पितात. मग टाकीत पाणी भरायचं, हलवायचं आणि ते धुवण आमच्या गव्हावर मारून टाकायचं, असा शिरस्ता पडला. तिन्हीसांजेला ओढ्याकडे कुणी फिरकत नसे, म्हणून हे कुणाच्या डोळ्यावर आलं नाही. दुसऱ्यांच्या गव्हाला हंगामात एकदा, फार तर दोनदा औषध मिळायचं. आमचा गहू मामाच्या कृपेनं जवळजवळ रोज संध्याकाळी अंघोळ करायचा. आई बांधावर कंबरेवर हात ठेवून उभी राहायची आणि कुणाला सांगायची नाही, पण तिच्या चेहऱ्यावर लिहिलेलं असायचं: आमच्या गव्हाला भावाचं औषध आहे.

हे सगळं इतकी वर्षं चाललं की त्यात काही वावगं आहे, हे कुणाच्या स्वप्नातही आलं नाही.

गव्हावर भुरी पडते ती थंड, ढगाळ हवेत. पानावर पीठ सांडल्यासारखे पांढरे ठिपके येतात, मग ते एकमेकांत मिसळतात आणि पान त्या पिठाखाली गुदमरून पिवळं पडतं. दर वर्षी थोडीफार भुरी यायची आणि पिवळ्या झाकणाचं औषध मारलं की जायची. औषधवाल्याच्या दुकानात दुसरी औषधंही होती, पण ती महाग आणि धूळ खात पडलेली. पिवळं झाकण सगळ्यांच्या सवयीचं झालं होतं. कुणी बाटलीवरचं नावही वाचत नसे.

त्या वर्षी मात्र आमच्या पट्टीतली भुरी हटेना. मामानं धुवण मारलं, काही झालं नाही. दुसऱ्या दिवशी मारलं, तिसऱ्या दिवशी मारलं. मी गोदामातून परत येताना पाहिलं तर मामा गव्हात गुडघ्यावर बसला होता आणि एक पान अंगठ्यानं पुसत होता. पुसलेल्या जागेखाली पान हिरवं होतं. त्यानं ते पान खिशात टाकलं आणि मला म्हणाला, "काही नाही, हवा खराब आहे." हवेला बोल लावणं त्याच्या स्वभावात नव्हतं.

आठवड्याभरात वाऱ्याच्या दिशेनं पलीकडचं शेत पांढरं पडलं, मग त्याच्या पलीकडचं. सगळ्यांनी पिवळ्या झाकणाच्या बाटल्या आणल्या, मामानं रात्रीचा दिवस करून फवारलं आणि भुरी जिथल्या तिथं. लोक आधी औषधवाल्यावर घसरले, भेसळ आहे म्हणाले. त्यानं सगळ्यांसमोर नवीन खोकं फोडून दिलं. तेही चाललं नाही. मग कुणीतरी हळूच मामाकडे बोट दाखवलं. मामानं ट्रॅक्टर रस्त्यावर आणला, टाकीत नुसतं पाणी भरलं आणि प्रत्येक नोझलखाली भांडं लावून चालवून दाखवला. सगळ्या भांड्यांत पाणी सारखं. बघणारे खजील झाले आणि गोदाम चालवणाऱ्या सोसायटीचे अध्यक्ष, ज्यांचं शेत सगळ्यांत मोठं आणि आवाज त्याहून मोठा, ते म्हणाले की या माणसावर शंका घेणाऱ्यानं आधी आरशात बघावं.

मामावरचं बालंट टळलं, पण खापर कुठंतरी फुटायला हवं होतं. भुरी कुठून सुरू झाली हे सगळ्यांना दिसत होतं. ओढ्याकाठच्या पट्टीतून. औषधवाल्यानं सांगून टाकलं की त्या पट्टीच्या मालकिणीनं आपल्याकडून आजवर एकही बाटली नेलेली नाही. यात खोटं काहीच नव्हतं. झालं, आईचं नाव सगळ्यांच्या तोंडी लागलं. कंजूष बाई, औषधाला हात आखडता घेतला, स्वतःचं शेत उघडं ठेवून रोग पाळला आणि सगळ्यांच्या घरात सोडला.

माझी आई नाकावर माशी बसू न देणारी. दुकानदारानं चुकून जास्त सुटे दिले तर अर्ध्या वाटेवरून परत जाणारी. तिला हे बोल किती लागले असतील, हे मला वेगळं सांगायला नको. मला वाटलं होतं ती चौकात उभी राहून एकेकाला सुनावेल. तिनं मामाला एवढंच विचारलं, "सांगू का त्यांना? तू रोज मारत होतास म्हणून?" धुवण म्हणजे कुणाच्याच मालकीचं नसलेलं पाणी, त्यात लपवायचं काय, असा तिचा साधा हिशेब. मामा चहा पीत होता. त्यानं कप खाली ठेवला आणि म्हणाला, "नको, ताई. आत्ता नको." बस्स. आई गप्प बसली, कारण भावानं आजवर तिच्याकडे काही मागितलं नव्हतं. मला मात्र राग आला. बहीण चारचौघांत बदनाम होते आहे आणि हा मूग गिळून बसतो, हे मला पटेना. मी त्याला तसं बोलूनही दाखवलं. तो कप तिथंच टाकून निघून गेला.

मग तपासणीला एक बाई आल्या. त्या शहरातल्या संशोधन केंद्रातून आल्या होत्या. साध्या, थोड्या थकलेल्या, पायात चिखलाचे बूट. प्रत्येक शेतातून भुरीची पानं कागदी पिशव्यांत भरून घेऊन गेल्या. त्यांच्या केंद्रात पानांवरची भुरी, म्हणजे ती बुरशी, औषधाच्या वेगवेगळ्या मात्रांवर वाढवून बघतात, कुठल्या मात्रेला मरते ते पाहायला. निकाल सांगायला त्या स्वतः परत आल्या आणि गोदामात सभा बसली. पोत्यांच्या थप्प्या मागे सरकवून सतरंज्या टाकल्या होत्या. आई मागच्या भिंतीला टेकून बसली. तिच्या दोन्ही बाजूंना जागा रिकामी राहिली आणि ती भरायला कुणी आलं नाही. मी माझं यंत्र सोडून तिच्या शेजारी जाऊन बसले.

बाईंनी सोपं करून सांगितलं. शेतात बुरशीची अफाट पिलावळ असते. त्यात एखादी जन्माचीच चिवट निघते. औषध मारलं की बाकीच्या मरतात आणि ही उरते, मग सगळं पान तिलाच मोकळं. पुन्हा तेच औषध मारलं की पुन्हा तिचीच चांदी. औषध बुरशीला काही शिकवत नाही, फक्त चिवट असतील त्या निवडून काढतं. मात्रा थोडी कमी की जास्त, यावर आमच्यातच वाद आहेत, त्या म्हणाल्या, बाटलीवर लिहिलंय तेवढीच वापरा. पण तेच औषध, पुन्हा पुन्हा, वर्षानुवर्षं, यानंच हे होतं, याबद्दल मात्र कुणाचा वाद नाही. तुमच्या सगळ्यांच्या शेतात अशी बुरशी थोडी थोडी सापडली. ओढ्याकाठच्या पट्टीत मात्र दुसरी उरलीच नाही. पूर्ण मात्रेवरही ती मजेत वाढते.

मग त्यांनी विचारलं, "त्या पट्टीवर हे औषध किती वेळा मारलं होतं?"

अध्यक्ष हसले. म्हणाले, किती वेळा कसलं, एकदाही नाही, तोच तर घोळ आहे. बाई गोंधळल्या. एकदाही नाही म्हणजे मग ही बुरशी वाऱ्यावर दुसरीकडून आली असेल, त्या म्हणाल्या, तसं असेल तर मला वेगळा विचार करावा लागेल. म्हणून नक्की काय ते सांगा, पुढचा सगळा सल्ला त्यावर ठरणार आहे.

तेव्हा मामा उभा राहिला. टोपी काढून हातात धरली होती. त्यानं सांगितलं की त्या पट्टीवर मी रोज मारत होतो. हंगामभर, संध्याकाळी, टाकीचं धुवण. गोदामात कुजबुज झाली, पण तीत राग नव्हता. धुवणाचं काय एवढं. मामा बसला नाही.

"नुसतं धुवण नव्हतं," तो म्हणाला. "नुसत्या पाण्यात काय दम असतो. बहिणीच्या गव्हाला काहीतरी लागावं म्हणून मी तुमच्या शेतात शेवटच्या फेरीला ट्रॅक्टर पळवायचो. वेग वाढला की औषध कमी पडतं आणि टाकीत उरतं. प्रत्येकाच्या शेतात. माप तुम्हाला दाखवून घ्यायचो आणि शेवटच्या फेरीला त्यातलंच मागं ठेवायचो."

मी त्याच्याकडे बघतच राहिले. टाकीत मोजून घेणारा हा माणूस शेवटच्या ओळीला गिअर बदलत होता. मला संताप आला, आणि त्याच वेळी त्याच्या हातातली चुरगळलेली टोपी बघून रडूही आलं. समोरच्या लोकांचे चेहरे बदलायला लागले होते. अध्यक्ष अर्धवट उठले. आणखी एक क्षण गेला असता तर मामाला त्या सभेतून हाताला धरून बाहेर काढलं असतं आणि पुन्हा कुणाच्या शेतात त्याचा ट्रॅक्टर शिरला नसता.

माझ्या शेजारून आवाज आला. "खोटं बोलतोय तो."

आई उभी होती. भिंतीला एक हात टेकून. ती म्हणाली की मी त्याला माझ्या शेतात थेंब मारू दिला नाही. औषध विकत घ्यायची माझी दानत नव्हती आणि फुकटाचं नको म्हणून त्यालाही अडवलं. आता बहिणीच्या नावाला बट्टा लागतोय म्हणून हा सगळं अंगावर घेतोय. तुम्हाला माहीत नाही का तो कसा आहे ते. इतक्या वर्षांत कधी तुमचं माप चुकलं का?

आईला खोटं बोलताना मी जन्मात पहिल्यांदा पाहिलं. सवय नसलेली माणसं खोटं बोलतात तेव्हा अडखळतात असं म्हणतात. ती अडखळली नाही. आणि लोकांनी तिच्यावर विश्वास ठेवला, कारण तोच सोयीचा होता. ज्याच्या भांड्यात वाकून वाकून बघितलं त्या माणसानं आपल्याला फसवलं, हे मानण्यापेक्षा एक बाई चिकट आहे हे मानणं सोपं. अध्यक्ष खाली बसले, आवाज मऊ झाला. म्हणाले, बहिणीसाठी माणूस काय काय बोलतो बघा. दोघं-तिघं हसलेसुद्धा. शेजारच्यानं मामाच्या खांद्यावर हात ठेवून त्याला खाली बसवलं. मामा म्हणत होता, ऐका, मी खरं सांगतोय, आणि लोक लहान मुलाची समजूत काढावी तसं हो हो म्हणत होते.

बाई मात्र हसल्या नाहीत. त्या आईकडे बघत होत्या आणि मामाकडे बघत होत्या. शेवटी म्हणाल्या की मला यातलं खरं काय ते ठरवता येणार नाही, पण काही असलं तरी पिवळं झाकण काही वर्षं बंद करा. बुरशीवर दुसऱ्या वाटेनं मारा करणारं औषध घ्या, तेही एकटं नको, जोडीनं, आणि तेही खरंच गरज पडली तरच. आपोआप उगवलेली गव्हाची रोपं उपटून टाका, दोन हंगामांच्या मधे भुरी त्यांच्यावरच तग धरते. शक्य असेल त्यांनी एखादं वर्ष दुसरं पीक घ्या. लोकांनी मान डोलावली. पण डोक्यात शिरलं ते वेगळंच. औषध न मारलेल्या शेतातून रोग आला, याचा अर्थ औषध कमी पडलं. मग ठरलं की पुढच्या वर्षी पिवळं झाकणच, पण लवकर सुरू करायचं, दोनाच्या जागी तीनदा मारायचं आणि ओढ्याकाठची पट्टी कुणी सोडायची नाही. फवारायचं कुणी, हा प्रश्नच नव्हता. माप्या होताच.

घरी आल्यावर आईनं दार लावलं आणि पहिल्यांदा त्याला विचारलं, "गिअरचं खरं आहे?" मामानं हो म्हटलं. आई म्हणाली की माझ्या घरात इतकी वर्षं दुसऱ्यांच्या शेतातलं आलं आणि मी ते मिरवलं. तुला एकदाही वाटलं नाही मला सांगावं? मामा म्हणाला, सांगितलं असतं तर तू घेतलं नसतंस. पुढं तिनं एवढंच बजावलं की झालं ते झालं, माझं नाव गेलं तर गेलं, बाईच्या नावावर घर चालत नाही. तुझ्या नावावर तुझं घर चालतं. आता पुन्हा तोंड उघडू नकोस. मामानं तिचा शब्द आजवर कधी मोडला नव्हता, तेव्हाही मोडला नाही.

त्या वर्षीचा गहू गोदामात आला तेव्हा मी ओलावा तपासायच्या आधी नुसता मुठीत घ्यायचे. दाणे हलके, सुरकुतलेले, मुठीतून घरंगळताना आवाजसुद्धा कोरडा. आणणारे माझ्याकडे बघायचे नाहीत. कुणी बघितलंच तर 'तुमच्यामुळे' असं नजरेनं म्हणून जायचे. आई बाजाराला जायची वेळ बदलून भर दुपारी जायला लागली, वाटेत कुणी नको म्हणून. मामाचं उलटंच झालं. लोक त्याला आदरानं चहाला थांबवायला लागले, म्हणायला लागले, भाऊ असावा तर असा. तो चहा त्याच्या घशाखाली कसा उतरत होता कुणास ठाऊक. मामी मला सांगायची की झोपेत दात खातो.

कापणीनंतरच्या पहिल्या सरींवर सांडलेल्या दाण्यांतून गव्हाची रोपं उगवली, ओढ्याकाठी, रस्त्याच्या कडेला, अध्यक्षांच्या खळ्यामागं. ती वीतभर झाली आणि त्यांच्यावर पांढरे ठिपके. अजून पेरणीचा पत्ता नव्हता. मामा रोज सकाळी ती उपटत हिंडायचा. लोकांना वाटायचं, वेड लागलं बिचाऱ्याला. मी एकदा त्याच्याबरोबर गेले. तो म्हणाला, "मी एकटा किती उपटणार? पेरणी झाली की हेच मला बोलावतील आणि मी तीन-तीनदा तेच मारीन. या भुरीला मीच पोसलं आणि आता मलाच पगारी ठेवलंय तिला पोसायला." मी म्हटलं, मग नाही म्हण. तो म्हणाला, नाही म्हटलं तर दुसरा मारील. कारण सांगायला हवं. आणि कारण सांगायचं म्हणजे ताईला खोटी पाडायची.

हाच त्याचा फास होता. सगळ्यांचा गहू एका बाजूला आणि बहिणीनं त्याच्यासाठी भर सभेत बोललेलं आयुष्यातलं एकुलतं एक खोटं दुसऱ्या बाजूला. तो वाळला त्या दिवसांत. मी त्याला काहीही सल्ला दिला नाही. देता आला नाही.

अध्यक्षांनी पहिल्या फवारणीचं बोलावणं पाठवलं, त्या सकाळी मामा ट्रॅक्टर न घेता चालत त्यांच्या दारात गेला. त्यानं सांगितलं की मी सभेत बोललो ते खरं होतं आणि माझी बहीण मला वाचवायला बोलली. त्यांना हाताला धरून त्यांच्या शेताच्या शेवटच्या ओळीपर्यंत नेलं आणि कुठून कुठवर वेग वाढवायचो ते दाखवलं. तिथून पुढच्या घरी. मग त्याच्या पुढच्या. ज्या ज्या घरचं औषध त्यानं मागं ठेवलं होतं, त्या प्रत्येक घरी तो गेला आणि प्रत्येक ठिकाणी शेवटी तेच म्हणाला: रोग औषध न मारल्यानं आला नाही, तेच तेच मारल्यानं आला, आता तरी थांबा. एका घरी त्याच्या अंगावर पाणी टाकलं. एका घरी म्हातारा मालक ऐकून घेऊन नुसता आत निघून गेला. अध्यक्ष सगळ्यांत जास्त भडकले. ज्याची बाजू घेतली त्यानं तोंडघशी पाडलं, हे त्यांच्या जिव्हारी लागलं होतं. त्याच दिवशी त्यांनी बाहेरगावचा फवारणीवाला ठरवला आणि पिवळं झाकणच मारायला लावलं. काही घरांनी मात्र ऐकलं. त्यांनी बाईंना फोन लावले.

सगळ्यांत शेवटी मामा आमच्या दारात आला. संध्याकाळ होत होती. तोवर बातमी त्याच्या आधी पोचली होती आणि आई ओसरीत खुर्चीवर ताठ बसून होती. तिनं त्याला बस म्हटलं नाही.

"माझ्याकडं कशाला आलास?" ती म्हणाली. "माझं तर तू काही नेलं नाहीस."

मामा उंबऱ्याबाहेर उभा होता. "तुझा शब्द नेला, ताई."

"तुला वाचवलं होतं मी. साऱ्या गावासमोर तोंड काळं करून वाचवलं होतं. आता मी कंजूषही आणि खोटारडीही. आणि तुझं काय राहिलं? कोण बोलावणार आहे तुला?"

"कुणी नाही."

"मग काय मिळवलंस?"

मामा म्हणाला, "मला वाचवलंस. गहू नाही वाचला."

आई उठून आत गेली. भांड्यांचा उगाच आवाज येत राहिला. मामा थोडा वेळ उभा राहिला आणि मला मानेनं येतो म्हणून गेला.

त्या हंगामात अध्यक्षांचं आणि त्यांच्या बाजूच्यांचं शेत लवकरच पांढरं पडलं, तीन फवारण्या होऊनही. ज्यांनी ऐकलं त्यांच्याकडेही भुरी आली, कारण वारा कुणाचं ऐकत नाही, पण शेंड्याची पानं हिरवी राहिली आणि दाणा भरला. मला वाटलं होतं की हे बघून लोक मामाकडे परत येतील. कुणी आलं नाही. त्याचं ऐकणारेसुद्धा फवारायला त्याला बोलवायचे नाहीत, आणि खरं सांगायचं तर मी त्यांच्या जागी असते तरी बोलावलं नसतं. ट्रॅक्टर त्यानं विकला. आता तो वीटभट्टीवर विटा मोजतो. तिथं त्याचं माप चालतं.

आमच्या पट्टीत आम्ही गव्हाऐवजी हरभरा पेरला, बाईंनी सांगितलं म्हणून. आई गहू बाजारातून आणते आणि चिमटीत धरून बघायचं तिनं सोडून दिलं आहे. मामा सुट्टीच्या दिवशी खुरपायला येतो, कुणी बोलावलं नसताना. आई त्याला येऊ देते. त्याच्याशी बोलत मात्र नाही. जे काही बोलायचं ते माझ्यामार्फत.

परवा तिघंही शेतात होतो. आई एका ओळीत, मामा शेजारच्या ओळीत, मी मधे. हात लांबवला तर एकमेकांना लागेल एवढंच अंतर. ऊन चढलं तशी आई खाली मान घालूनच म्हणाली, "तुझ्या मामाला सांग, दमला असेल तर सावलीत बस म्हणावं." मामा मान न उचलता म्हणाला, "आईला सांग, मी दमलो नाही." थोड्या वेळानं आई म्हणाली, "मामाला सांग, हट्ट करू नये." मामा म्हणाला, "आईला सांग, हट्ट नाही."

माझं डोकं फिरलं. मी खुरपं तिथंच टाकलं, दोघांच्या मधून उठले आणि म्हटलं, तुमचं तुम्ही सांगा एकमेकांना, मी काही तुमचा टपाल खात्यातला माणूस नाही. पाय आपटत बांधापर्यंत गेले. मग थांबले, पाठ त्यांच्याकडेच ठेवून, कान टवकारून.

बराच वेळ नुसत्या दोन खुरप्यांचा आवाज येत होता.